वर्षभरात पाहिलेल्या चित्रपटांची नोंद ठेवायला ॲप बरं की आपली वही?

दोन्हीपेक्षा साधी स्प्रेडशीट बरी, फक्त नोंद सिनेमा संपल्यावर त्याच रात्री करा. चार रकाने पुरेत: पाहिल्याची तारीख, नाव, प्रदर्शनाचं वर्ष आणि एक ओळ. वर्षाचा रकाना फालतू वाटतो, पण नुसतं ‘देवदास’ लिहिलंत तर १९३५चा, १९५५चा की २००२चा, हे डिसेंबरात तुमचं तुम्हालाच आठवणार नाही. सहा-सात वर्षं अशी यादी ठेवतोय, त्यावरून सांगतो: पाचपैकी किती तारे दिले ते नंतर काहीच सांगत नाही, ‘मध्यंतरानंतर दोनदा फोन बघितला’ ही ओळ मात्र अख्खा सिनेमा डोळ्यांसमोर उभा करते. अर्धवट सोडलेलेही लिहा, पुढे ‘अर्धा’ असं टाकून (नाहीतर तोच पुन्हा लावाल, माझं झालंय). वर्षाला शंभरावर सिनेमे होत असतील तर मात्र लेटरबॉक्स्ड हे सिनेमांची नोंद ठेवायचं ॲप सोयीचं: दिग्दर्शक, पोस्टर आपोआप येतं, पुन्हा पाहिल्याची खूणही करता येते. तिथला डेटा सीएसव्ही फाइलमध्ये (ती स्प्रेडशीटमध्ये उघडते) उतरवता येतो, तेवढं अधूनमधून करत जा.