आईचं डायलिसिस : दवाखान्यात की घरी?

प्रश्न : आई ७२ वर्षांची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सांगितलंय. बार्शीहून सोलापूरला इतक्या खेपा तिला झेपणार नाहीत. पोटातून घरीच करता येतं का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : येतं, पण करणारं माणूस घरात रोज हवं. पोटात मऊ नळी बसवतात; ती साधारण दोन आठवड्यांनी वापरायची. मग दिवसातून तीन-चार वेळा सुमारे २ लिटर द्रव आत सोडायचा, ४ ते ६ तास ठेवायचा, काढून नवा भरायचा. प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास जातो. तेवढा वेळ खिडक्या आणि पंखा बंद, तोंडाला मास्क, हात साबणाने धुऊन कोरडे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंखा बंद करणं जिवावर येतं, तरी करा. धूळ नळीच्या तोंडाशी गेली की पोटात जंतुसंसर्ग होऊ शकतो. बाहेर आलेला द्रव गढूळ दिसला किंवा पोट दुखलं, तर ती पिशवी घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. पोटाची मोठी शस्त्रक्रिया आधी झाली असल्यास हा मार्ग कदाचित जमणार नाही.

दवाखान्यातलंच ठरलं तर हातातल्या फिस्टुलाबद्दल, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी छोट्या शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडतात त्याबद्दल, आत्ताच विचारा. तो तयार व्हायला ६ ते ८ आठवडे लागू शकतात. त्या हातावर बीपी मोजू देऊ नका. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे डायलिसिस बसतं.

शेंगाचटणी मात्र आवरा. शेंगदाण्यात पोटॅशियम आणि फॉस्फरस भरपूर असतं.