वाचकांचे प्रश्न: ह्यूगेनो पूर्वजांचा माग

प्रश्न: आमची सून केप टाउनची, माहेरची डी व्हिलियर्स. तिचे पूर्वज फ्रान्समधून परागंदा झालेले ह्यूगेनो, म्हणजे तिथले प्रॉटेस्टंट, असं तिच्या घरी सांगतात. नातवासाठी वंशावळ करायची आहे. ला रोशेलच्या नोंदींपासून सुरुवात करू का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: नको. फ्रान्स सगळ्यात शेवटी. 1689 मध्ये पियेर, अब्राहम आणि जाक असे तीन डी व्हिलियर्स भाऊ केपला उतरले. सून त्यांच्यापैकी कोणाच्या शाखेतली, हे नुसत्या आडनावावरून कळणार नाही. तिच्या आजी-आजोबांपासून मागे मागे जा.

केपमध्ये 1834 पासून मृत्यूनंतर ‘डेथ नोटिस’ हा फॉर्म भरला जाई. त्यात मृताचे आईवडील, जन्मगाव, जोडीदार, मुलं अशी सगळी नावं असतात. एका कागदावर तीन पिढ्या मिळतात. मात्र माहिती देणारा मुलगा किंवा जावई असायचा, त्यामुळे आईवडिलांचा रकाना पुष्कळदा कोरा, नाहीतर चुकीचा. मुलांची यादी त्या मानाने भरवशाची. म्हणून नोटिशीत वडिलांचं नाव दिसलं की तेवढ्यावर थांबू नका. त्या वडिलांची स्वतःची नोटिस काढा आणि तिच्यातल्या मुलांच्या यादीत आपला माणूस आहे का, ते पाहा. असला तर दुवा पक्का. केप प्रांतातल्या फाइली केप टाउनच्या अभिलेखागारात आहेत, इतर प्रांतांतल्या प्रिटोरिया, ब्लूमफाँटेन आणि पीटरमारिट्झबर्गला. बऱ्याच फाइलींची छायाचित्रं ‘फॅमिलीसर्च’ या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट बघायला मिळतात.

1834 च्या आधी डच रिफॉर्म्ड चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या. ड्राकेन्स्टाइनच्या, म्हणजे आजच्या पार्लच्या, 1694 पासून आहेत. खरी गल्लत इथेच होते. थोरल्याला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. आजोबांचं नाव नातवाला आपल्याकडेही ठेवतात, पण तिथे तो जवळजवळ नियमच होता. परिणामी एकाच खोऱ्यात, जेमतेम दहा वर्षांच्या अंतराने जन्मलेले चार-पाच चुलतभाऊ एकाच नावाचे सापडतात. अशा वेळी आईचं नाव बघा. त्या नोंदींत बायका माहेरच्या आडनावानेच येतात. शिवाय बाप्तिस्म्याचे साक्षीदार बहुधा मामा-मावशी, काका-आत्या असत. आई आणि साक्षीदार दोन्ही जुळल्याशिवाय मागची पिढी जोडू नका.

ऑक्टोबर 1685 मध्ये चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंटांना धर्मस्वातंत्र्य देणारा नांतचा आदेश रद्द केला आणि फ्रान्समधली प्रॉटेस्टंट चर्चं बंद पडली. त्याआधीचा जन्म त्यांच्या वह्यांत शोधा, नंतरचा कॅथलिक पॅरिशच्या. ला रोशेलसाठी शारांत-मारितीम जिल्ह्याच्या अभिलेखागाराची वेबसाइट उघडा.

प्रश्न: लंडनच्या स्टेपनी पॅरिशमध्ये जावयाच्या विणकर पूर्वजाचं लग्न मे 1702 मध्ये आणि थोरल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी 1702 मध्ये नोंदला आहे. नोंद चुकली का?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर: नोंद बरोबर आहे. 1751 पर्यंत इंग्लंडमध्ये वर्ष 25 मार्चला सुरू होई, त्यामुळे तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने 1703 चा. वंशावळीत ‘1702/03’ असं लिहा. आता थ्रेडनीडल स्ट्रीटच्या फ्रेंच चर्चची ‘तेम्वान्याज’ पाहा. आधीच्या चर्चकडून आणलेले हे दाखले. कुटुंब कुठल्या गावाहून आलं, ते त्यांत मिळू शकतं.