प्रायव्हसी: गोपनीयता की खासगीपणा?

प्रश्न असा आहे: 'राइट टू प्रायव्हसी'ला कुठे 'गोपनीयतेचा अधिकार' म्हणतात, कुठे 'खासगीपणाचा हक्क', आणि हिंदीच्या वाटेने 'निजता'ही येते. यातलं बरोबर कोणतं? आणि खासगी लिहावं की खाजगी?

सोपं आधी उरकतो. खासगी आणि खाजगी, दोन्ही रूढ आहेत. मूळ अरबी 'खास', त्याला फारसी '-गी', त्यामुळे व्युत्पत्तीचा कौल 'खासगी'ला. बोलण्यात 'स'चा 'ज' झाला तोही आजचा नव्हे, त्याला अशुद्ध ठरवण्याचं कारण नाही. 'निजता' मात्र मराठीत रुजेलसं वाटत नाही. 'निज' आपल्यालाही परका नाही, निजरूप आणि निजधाम आहेतच. पण 'निजणे' त्याहून जवळचं, आणि 'निजतेचा अधिकार' म्हटलं की दुपारच्या झोपेला घटनात्मक संरक्षण मिळाल्याचा भास होतो.

खरी जोडी उरते ती गोपनीयता आणि खासगीपणा यांची. अनेकजण हे शब्द आलटून-पालटून वापरतात. माझ्या मते हे दोन वेगळे शब्द आहेत आणि कायद्याला दोन्ही लागतात.

'गोपनीय' हा 'गुप्' धातूवरून आला. त्या धातूत राखणंही आहे आणि लपवणंही. मराठीत लपवण्याची बाजू वरचढ ठरली: कर्मचाऱ्याचा गोपनीय अहवाल, 'अत्यंत गोपनीय' असा शिक्का मारलेली फाइल, मंत्र्यांची पद आणि गोपनीयतेची शपथ. तिन्ही ठिकाणी माहिती कुणाच्या तरी ताब्यात आहे आणि ती फोडू नये असं त्याच्यावर बंधन आहे. मंत्री शपथ घेतो ती स्वतःची गुपितं राखण्याची नव्हे, कामामुळे कळलेली माहिती बाहेर न सांगण्याची. म्हणजे गोपनीयता हे माहिती बाळगणाऱ्याचं कर्तव्य झालं.

'खासगी'चा इतिहास निराळा. होळकरांच्या कारभारात दौलत वेगळी आणि खासगी वेगळी. दौलत राज्याची, खासगी घराण्याच्या स्वतःच्या मालकीची. अहिल्याबाईंच्या दानधर्माशी या खासगीचं नाव कायमचं जोडलं गेलं आहे. पेशव्यांकडेही खासगीचा कारभार होता, पुण्याचं खासगीवाले हे आडनाव त्यातलंच. आता ही खासगी काही लपवलेली नव्हती. तिचे हिशेब होते, कारकून होते, सगळ्यांना ठाऊक होती. तिथे हुकूम कुणाचा चालतो, एवढाच प्रश्न होता.

नेमका हाच फरक आपल्या न्यायालयांच्या निकालांत दिसतो. १९५४च्या एम. पी. शर्मा खटल्यात वाद होता झडतीचा आणि कागदपत्रं जप्त करण्याचा. तिथे 'गोपनीयता' म्हटलं तरी चालून जाईल. पण १९६२चा खरक सिंग खटला बघा. दरोड्याच्या संशयातून पुराव्याअभावी सुटलेल्या माणसावर पाळत ठेवली होती, आणि पोलीस रात्री-अपरात्री त्याच्या दारावर थापा मारत. त्याचं कुठलं गुपित फुटत होतं? कुठलंच नाही. तक्रार होती ती घरात, झोपेत, आयुष्यात शिरण्याबद्दल. न्यायालयाने रात्रीच्या त्या भेटी रद्द केल्या, पण प्रायव्हसी हा मूलभूत हक्क मानायला बहुमत तयार झालं नाही. त्यासाठी २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने हा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१मध्ये, म्हणजे जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कात आहे असं सांगितलं. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याची प्रायव्हसी संपत नाही, हेही त्या निकालात आहे. ते वाक्य 'गोपनीयता' घालून मराठीत लिहून पाहा, अडखळायला होतं. चारचौघांत उभ्या असलेल्या माणसाची गोपनीयता ती कसली? 'खासगीपणा' घातला की वाक्य चालू लागतं.

शब्द चुकला की वादही भरकटतो. 'ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही त्याने का घाबरावं?' हा प्रश्न गोपनीयतेच्या अधिकाराला चिकटतो, खासगीपणाला चिकटत नाही. माझा फोन नंबर शेकडो लोकांना माहीत आहे, तो गुपित नाहीच. तरी तो मला न विचारता कर्ज विकणाऱ्यांच्या यादीत गेला तर माझं काहीतरी हिरावलं गेलंय.

'खासगी'तही खोट आहे, हे मान्य करायला हवं. खासगी कंपनी, खासगी रुग्णालय, खासगीकरण अशा वापरांमुळे 'सरकारी नाही ते' हा अर्थ त्याला घट्ट बसला आहे. 'खासगी कंपनीकडून खासगीपणाचा भंग' हे वाक्य कानाला बरं लागत नाही. 'एकांत' सुचवणारेही भेटतात. सुंदर शब्द आहे, पण प्रायव्हसीचा एक कोपराच त्यात मावतो.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने या गर्दीत तिसरा शब्द आणला, 'वैयक्तिक'. (डेटाला 'विदा' म्हणणारे आपण मूठभर, म्हणून इथे डेटाच.) गंमत अशी की या कायद्याचा उद्देश सांगणाऱ्या लांबलचक वाक्यात प्रायव्हसी हा शब्दच नाही. आपला वैयक्तिक डेटा जपण्याचा व्यक्तीचा हक्क आणि तो डेटा कायदेशीर कामासाठी वापरण्याची गरज, असं दोन्ही मान्य केलं आहे. 'वैयक्तिक'ची व्याप्ती फार मोठी: ज्यावरून माणूस ओळखता येतो ते सगळं. फाइलवरची अधिकाऱ्याची सही वैयक्तिक आहे, खासगी नाही.

हा नुसता शब्दांचा कीस नाही, त्याचे परिणाम समोर आहेत. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ)मध्ये पूर्वी नुसतं 'वैयक्तिक' असून माहिती नाकारता येत नसे. तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसावा, किंवा ती दिल्याने कुणाच्या खासगी आयुष्यात विनाकारण शिरकाव होत असावा, अशी अट होती. २०२३च्या डेटा कायद्याने ते कलम छाटून 'वैयक्तिक माहिती' एवढंच ठेवलं, आणि नोव्हेंबर २०२५मध्ये नियमांबरोबर तो बदल लागूही झाला. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची कलम ८(२)ची वाट उरली आहे. पण आधीची चाळण गेली ती गेलीच. कार्यकर्ते ओरडतात ते उगाच नाही.

'संमती'बद्दलही एक वाक्य. 'मौनं सम्मतिलक्षणम्' हे आपण लग्नापासून सभेतल्या ठरावापर्यंत चालवलं. डेटा संरक्षण कायद्यात ते चालत नाही. संमती मोकळेपणाने, नेमक्या कामापुरती, समजून-उमजून आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी.

मग लिहावं काय? हक्काबद्दल बोलताना 'खासगीपणाचा हक्क'. कायद्याचं नाव घेताना 'वैयक्तिक डेटा संरक्षण'. आणि कंपन्यांच्या संकेतस्थळांवर 'प्रायव्हसी पॉलिसी'साठी 'गोपनीयता धोरण' दिसतं, ते मी बदलणार नाही, कारण तिथे माहिती बाळगणारा आपलं कर्तव्य सांगतो आहे. कायद्याने अशा कंपनीला दिलेलं इंग्रजी नाव, 'डेटा फिड्युशियरी', विश्वासाने सोपवलेली गोष्ट सांभाळणाऱ्याचं आहे. त्याला 'विश्वस्त' हा आपला जुना शब्द चपखल बसतो. संमती मागताना द्यायची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतही वाचण्याचा पर्याय आता द्यावा लागणार आहे. त्या तरतुदी नियम निघाल्यापासून १८ महिन्यांनी लागू होतील. त्या सूचनांची मराठी लिहायला कुणी बसलंच असेल, तर निदान 'निजता' टाळा.