जांभळा तपकिरी का होतो आणि पावसाळी हिरवा प्लास्टिकचा का वाटतो?

तुमचा प्रश्न सावकाश वाचला. शाळेत ‘लाल, पिवळा, निळा हे तीन मूळ रंग, बाकी सगळे यांतूनच’ असं शिकवलं होतं, पण तुमच्या जलरंगातला लाल आणि निळा मिसळला की भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा काहीतरी रंग येतो, असं तुम्ही लिहिलंय. ताम्हिणी घाटाच्या चित्रात ट्यूबमधला हिरवा लावला तर झाडी प्लास्टिकची वाटते, हे दुसरं. आणि शेवटी विचारलंय की चोवीस रंगांचा सेट घेतला तर हे सुटेल का.

सेट घेऊ नका, कारण तुमची अडचण रंग कमी असल्याची नाही. मी सव्वीस वर्षं जलरंगात काम करतेय, त्यातली पहिली आठ-नऊ याच गोंधळात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा: रंग मिसळणं ही वजाबाकी आहे. पांढऱ्या उजेडात सगळे रंग असतात. कागदावरचं रंगद्रव्य त्यातले काही गिळतं आणि उरलेले परत पाठवतं. दोन रंग एकत्र केले की पहिल्याने गिळलेलं गेलं, दुसऱ्याने गिळलेलंही गेलं, दोघांनी मिळून जे सोडलं तेवढंच आपल्या डोळ्यापर्यंत येतं. निळ्या-पिवळ्याचा हिरवा होतो म्हणजे काय, तर त्या निळ्यातही थोडा हिरवा दडलेला होता आणि पिवळ्यातही होता. बाकीचं एकमेकांनी खाल्लं आणि हिरवा उरला. हे डोक्यात बसलं की तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे हे दिसेल.

तुमचा लाल बहुधा शेंदराकडे झुकणारा आहे, व्हर्मिलियन किंवा कॅडमियम रेडच्या जातीचा. असा लाल निळा-जांभळा उजेड जवळजवळ सगळा गिळतो. त्यात निळा घातलात, तर निळा बिचारा जे परत पाठवणार होता ते लालाने आधीच खाल्लेलं असतं. हाती येतो काळपट तपकिरी. आता तोच निळा राणी रंगाकडे झुकणाऱ्या लालात घालून बघा. क्विनॅक्रिडोन रोज नावाने मिळतो, ट्यूबवर पीव्ही १९ हा त्यातल्या रंगद्रव्याचा कोड लिहिलेला असतो. हा लालाबरोबर निळा-जांभळा उजेडही बराचसा परत पाठवतो. त्याच्यासोबत अल्ट्रामरीन घेतलात की पिकल्या जांभळाच्या गरासारखा स्वच्छ रंग मिळेल. हात तोच आणि ब्रशही तोच, फक्त लाल बदलला.

याला मी रंगाचा कल म्हणते. ‘लाल’ हे आडनाव झालं, त्या घरात दहा स्वभावाची माणसं असतात. खरं तर साडीच्या दुकानात आपण हे बिनचूक ओळखतो. डाळिंबी, राणी, विटकरी, केशरी, किरमिजी यांच्यात आपली गल्लत होत नाही आणि दुकानदाराला ‘लाल दाखवा’ एवढं सांगून भागत नाही. तीच नजर पॅलेटवर आणायची आहे. डाळिंबी आणि राणी हे जांभळ्याकडचे, विटकरी आणि केशरी हे पिवळ्याकडचे. निळ्यातही तसंच. अल्ट्रामरीन जांभळ्याकडे झुकतो (कपड्यांना द्यायची पुडीतली नीळ आठवा, ती बहुतेक हीच), तर थॅलो ब्लू हिरव्याकडे, मोरपंखीच्या वाटेवर. पिवळ्यात लेमन यलो हिरव्याकडे आणि कॅडमियम यलो डीप केशरीकडे.

आता हिरवा. थॅलो ब्लू आणि लेमन यलो दोघंही हिरव्याकडे झुकलेले, म्हणून त्यांचा हिरवा झगझगीत होतो. अल्ट्रामरीन आणि गडद कॅडमियम यलो दोघंही हिरव्याकडे पाठ फिरवून उभे, म्हणून त्यांचा हिरवा शेवाळी, मेंदीसारखा होतो. या दोन टोकांच्या मध्ये तुमचा सगळा सह्याद्री बसतो.

प्लास्टिक कुठून येतं तेही सांगते. ट्यूबमधला निळसर हिरवा बहुधा थॅलो ग्रीन असतो, कोड पीजी ७. तो फार शुद्ध आणि फार ताकदीचा आहे आणि लाल उजेड जवळपास पूर्ण गिळतो. झाडाच्या पानातून मात्र हिरव्याबरोबर पिवळा आणि थोडा लाल भागही परत येत असतो. म्हणून जंगल रंगवताना हिरव्यात कणभर लाल किंवा बर्न्ट सिएना घालावाच लागतो. पहिल्यांदा घालताना हात थरथरतो, पण तो पडला की हिरव्यात जीव येतो.

एक उदाहरण जवळून दाखवते. मुळशी-भोरकडे जुलैत गेलात तर भाताची रोपं टाकलेला वाफा, तरवा म्हणतात तो, दुरूनही डोळ्यात भरतो. तसा पोपटी दुसरीकडे कुठे नसतो. तो करताना मी पॅलेटवर आधी लेमन यलोचा चांगला मोठा थेंब पसरवते आणि त्यात ब्रशच्या टोकाने मोहरीएवढा थॅलो ब्लू घालते. मोहरीएवढा म्हणजे खरंच तेवढाच, कारण थॅलो डब्यात घुसला की पिवळं संपेपर्यंत ऐकत नाही. म्हणूनच कायम पिवळ्यात निळा घालायचा, निळ्यात पिवळा नाही. मग लावणी होते. उपटून लावलेलं रोप पहिले काही दिवस मलूल, पिवळट दिसतं. त्या खाचराला तोच पोपटी लावला तर चित्र खोटं पडतं, तिथे मी यलो ऑकर घेऊन अगदी पातळ वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, देते आणि खाचरातल्या पाण्यात पडलेलं राखाडी आभाळ मध्येमध्ये तसंच राहू देते. रोपाने मूळ धरलं की हिरवा गडद होत जातो, तेव्हा लेमनची जागा कॅडमियम यलो घेतो. बांधावरच्या करवंदीच्या जाळ्यांसाठी अल्ट्रामरीन, कॅडमियम यलो आणि बर्न्ट सिएना. मागचा डोंगर हिरवा आहे हे आपल्याला माहीत असतं, पण धुक्यात तो हिरवा दिसत नाही. तिथे अल्ट्रामरीनमध्ये किंचित बर्न्ट सिएना आणि पिवळ्याचा नुसता वास पुरतो. एकाच चौकटीत चार हिरवे झाले, आणि ट्यूबमधला हिरवा एकही लागला नाही.

आपल्याकडच्या जुन्या चित्रकारांचं बघा. अजिंठ्याचा हिरवा हा हिरव्या मातीचा आहे, दख्खनच्या काळ्या खडकात सापडते ती माती. लाल-पिवळे गेरू आणि ऑकरच्या जातीचे, काळा काजळाचा, आणि निळा मात्र लाजवर्द या निळ्या दगडाचा, लांबून आलेला. इतक्या कमी द्रव्यांत त्यांनी माणसांच्या कातडीचे किती रंग काढलेत! लेण्यात उभं राहून तेवढं एकच बघत बसावंसं वाटतं.

बर्न्ट सिएनाचं नाव वर तीनदा आलं, कारण मला रोज सगळ्यात जास्त लागणारी ती ट्यूब आहे. बर्न्ट सिएना हा खरं तर मंद केलेला केशरी. केशरी आणि निळा रंगचक्रात समोरासमोर, म्हणून अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकमेकांना शांत करतात. निळा जास्त ठेवलात तर पावसाच्या ढगाचा करडा, सिएना जास्त ठेवलात तर ओल्या मातीचा, दोन्ही दाट घेतलेत तर भिजलेल्या कातळाचा काळा. त्यात आणखी एक गंमत आहे. अल्ट्रामरीनचे कण खरबरीत कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात, त्यामुळे तो करडा रवाळ दिसतो, आणि कातळाला तो रवाळपणा फार शोभतो. काळी ट्यूब मी पंधरा वर्षांत उघडलेली नाही.

ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात छापलेले कोड वाचायची सवय लावा. पुढे लिहिलेल्या नावावर भरवसा ठेवता येत नाही. एकाच नावाखाली वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळी द्रव्यं भरतात, आणि सॅप ग्रीनसारखे रंग आज बहुतेक ठिकाणी दोन-तीन द्रव्यांचं मिश्रणच असतात. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीबी १५ म्हणजे थॅलो ब्लू. एका ट्यूबमध्ये एकच कोड असेल तर ती घ्या. दोन तिहेरी मिश्रणं तुम्ही एकत्र केलीत की सहा द्रव्यं एकमेकांचा उजेड खायला लागतात, आणि त्यालाच आपण ‘रंग मळला’ म्हणतो. माझा साधा नियम आहे: एका मिश्रणात तीनपेक्षा जास्त द्रव्यं नकोत. मळण्याचं दुसरं कारण म्हणजे अर्धवट सुकलेल्या वॉशवर पुन्हा ब्रश फिरवणं. तिथे रंग निर्दोष असतो, घाई आपली असते. एक तर पूर्ण ओलं असताना काम करा, नाहीतर हाताचा मागचा भाग टेकवून कागद गार लागत नाही ना ते बघा आणि मगच पुढचा थर द्या.

कोड बघायचं आणखी एक कारण मला फार महागात पडलेलं आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी अलिझरीन क्रिमझन सढळ हाताने वापरायचे. पीआर ८३ हा त्याचा कोड, आणि हे द्रव्य उजेडाला टिकत नाही हे मला कोणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळच्या आकाशाचं एक चित्र खिडकीसमोरच्या भिंतीवर काही वर्षं लटकत होतं. काच बदलायला फ्रेम खोलली तेव्हा माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या, कडेखाली झाकली गेलेली बोटभर पट्टी अजून जांभळी-गुलाबी होती, आणि बाकीचं सगळं आकाश निळसर राखेचं झालेलं होतं. ते चित्र माझ्या आईला फार आवडायचं. तेव्हापासून त्या जागी मी पीव्ही १९ वापरते.

तुम्ही न विचारलेली पण तुम्ही पाठवलेल्या चित्राच्या फोटोत दिसलेली एक गोष्ट. तुमचे हिरवे वेगवेगळे आहेत, पण सगळे सारख्याच उजळपणाचे आहेत. फोनमध्ये तो फोटो कृष्णधवल करून बघा, झाडं, गवत आणि डोंगर एकमेकांत विरघळून जातील. रंग थोडा चुकला तरी डोळा माफ करतो, पण टोन, म्हणजे उजळ-गडदपणा, चुकला तर करत नाही. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांचं हातात समई घेतलेल्या स्त्रीचं चित्र तुम्ही छापील स्वरूपात तरी पाहिलं असेलच, अनेकजण ते चुकून राजा रविवर्म्याचं समजतात. मूळ चित्र मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि ते जलरंगातलं आहे. बोटांतून झिरपणारा तो उजेड कुठल्या खास पिवळ्याने आलेला नाही. भोवतीचा काळोख इतका नेमका तोलला आहे म्हणून तेवढासा उबदार रंग ज्योतीसारखा पेटतो. जलरंग सुकल्यावर फिका पडतो हेही इथेच लक्षात घ्या. ओला असताना ‘बरोबर’ वाटला तर सुकल्यावर तो कमीच पडणार, म्हणून एक पायरी गडद लावा.

शेजारच्या रंगाचंही तसंच. फ्रान्समध्ये शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते, १८२४ पासून गोब्लँच्या गालिचे आणि पडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली. त्यांनी तपासलं तर रंगाईत खोट नव्हती, शेजारच्या धाग्यांमुळे काळा तसा भासत होता. १८३९ मध्ये त्यांनी यावर मोठा ग्रंथच लिहिला. आपल्याला याचा उपयोग असा, की हिरवा कमी पडतोय असं वाटलं तर त्यात आणखी पिवळा ओतण्याआधी बाजूची पायवाट जांभ्याच्या लालसर रंगाने रंगवून बघा. हिरव्याला हात न लावता तो उठून येतो.

आता खरेदीचं. सात ट्यूब पुरतात: लेमन यलो, कॅडमियम यलो किंवा त्याच छटेचा दुसरा पिवळा, केशरीकडे झुकणारा एक लाल, क्विनॅक्रिडोन रोज, अल्ट्रामरीन, थॅलो ब्लू आणि बर्न्ट सिएना. यलो ऑकर सवडीने घ्या. सेटच्या पैशात चांगला कागद येईल. पाण्याची भांडी दोन ठेवा, एक ब्रश धुवायला आणि एक रंगात घालायला.

या रविवारी चित्र काढू नका. एका कागदावर उभे-आडवे चौकोन आखा, वर दोन निळे आणि डावीकडे दोन पिवळे लिहा. प्रत्येक जोडीचे पाच चौकोन भरा, पिवळा जास्त ते निळा जास्त असे. खाली दोन लाल आणि दोन निळ्यांचं तसंच. प्रत्येक चौकोनाखाली कोड पेन्सिलने लिहा, आणि सुकल्यावर त्यातल्या हिरव्यांच्या अर्ध्या भागावर बर्न्ट सिएनाचा पातळ हात फिरवा. तो कागद घेऊन घाटात जा आणि खऱ्या झाडीसमोर धरा. कोणता चौकोन कुठे बसतो ते बघून मला कागदाचा फोटो पाठवा, म्हणजे ताम्हिणीच्या चित्रात नेमकं कुठे काय बदलायचं ते बघू.