मेसेज गेला म्हणतात, पण कुणाच्या फोनवर?

तासगावच्या ताई, सासूबाईंच्या डोळ्यातल्या इंजेक्शनची तारीख दुसऱ्यांदा हुकली आणि दवाखाना 'मेसेज गेलाय' यापुढं बोलत नाही, हे तुम्ही लिहिलेलं वाचून पोटात कालवलं. आमच्या आबांचं हेच झालं होतं. गाव जत तालुक्यात, दवाखाना मिरजेत, मी पुण्यात नोकरीला.

साखरेचं पथ्य, रिपोर्टची फाईल हे तुम्ही सांभाळतच असाल. मी थेट माझ्या चुकीवर येतो. केसपेपर काढताना आबांना वाचता येत नाही म्हणून मी माझा नंबर दिला, आणि तोही कंपनीनं दिलेला. नोकरी बदलली तेव्हा सिम परत केलं. तो नंबर माझ्या जागी आलेल्या माणसाकडं गेला आणि आबांच्या तारखाही त्याच्याकडंच जाऊ लागल्या.

मी काउंटरवर जाऊन नंबर बदलून घेतला. पुढच्या बिलावर नवा नंबर छापून आला, मी निर्धास्त झालो. पण आठवणीचे मेसेज दुसऱ्याच कंपनीच्या सिस्टीममधून जात होते आणि तिथं जुनाच नंबर होता. हे मला दोन तारखा हुकल्यावर कळलं. तक्रार केली तर म्हणाले, अर्ज द्या आणि पेशंटला घेऊन या. दहा आकडे बदलायला अंधुक दिसणाऱ्या माणसाला एसटीनं अडीच तास आणायचं! आणलं. अर्ज तसाच पडून राहिला, तिसरी तारीखही गेली. आबांच्या डाव्या डोळ्याची नजर परत आली नाही. ती यामुळंच गेली असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणणार नाही. पण त्या टेबलाचा राग अजून आहे.

म्हणून 'नंबर बदललाय' यावर विश्वास ठेवू नका. तिथंच उभं राहून चाचणीचा मेसेज पाठवायला लावा आणि तो आपल्या फोनवर आलेला बघूनच निघा. दोन नंबर द्या, त्यातला एक घरात राहणाऱ्या माणसाचा. तुमच्या पोस्टखाली कुणीतरी अ‍ॅप घ्या म्हणालंय. माझं मत विचाराल तर बटणाचा फोन वापरणाऱ्या माणसाला अ‍ॅपचा काही उपयोग नाही. आदल्या संध्याकाळी सातनंतर, रानातून माणसं घरी आल्यावर, ओळखीच्या नंबरवरून माणसाचा फोन यावा. कमी ऐकू येत असेल तर मात्र मेसेजच बरा. पेशंटला काय चालतं ते केसपेपर काढतानाच विचारायला हवं.

मराठीत मेसेज मागा. 'मराठी जात नाही' असं आम्हाला सांगितलं होतं, ते खरं नाही. दवाखान्याला मेसेजचा मजकूर आधी मोबाईल कंपनीकडं नोंदवावा लागतो, तो मराठीतही नोंदवता येतो. अडचण खर्चाची असते: इंग्रजीत एका मेसेजमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०, आणि तिथं काना-मात्राही वेगळी मोजतात. त्याहून लांबला की एकाऐवजी दोन मेसेजचे पैसे पडतात, म्हणजे मजकूर आटोपशीर हवा. 'मंगळवार १२ मे, सकाळी ९, डोळे विभाग. जेवून या.' एवढं पुरतं. जेवून की उपाशी ते अर्थात डॉक्टर सांगतील तसं. आणि वार हवाच. नुसतं ०५/०६ लिहिलं तर पाच जून की सहा मे, यावर आमच्या घरी वाद झालाय. आबा तर बेंदूर आणि अमावास्येवरून दिवस धरतात.

आजाराचं नाव मेसेजमध्ये नको. फोन घरात चार जणांच्या हातात फिरतो, प्रत्येक दुखणं सगळ्यांना कळावं असं नसतं. आणि 'अपॉइंटमेंट पक्की करायला पाच रुपये भरा' अशी लिंक आली तर उघडू नका. ते फसवणारे असतात.

एक गोष्ट दवाखान्यातलं कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास जवळचं धूसर दिसतं. नेमकं त्याच वेळी पुढची तारीख बारीक अक्षरात लिहिलेला कागद पेशंटच्या हातात देतात. मार्करनं मोठ्या अक्षरात लिहा आणि तोंडानं दोनदा सांगा. आता आम्ही ते स्वतः करतो: पुठ्ठ्यावर तारीख लिहून चुलीजवळच्या खिळ्याला अडकवतो, आणि गावातल्या आशा सेविका ताईंनाही सांगून ठेवतो. त्यांचं हे काम नाही, तरी त्या आठवण करतात.

हा सगळा एका घरचा अनुभव आहे, तुमच्याकडं पद्धत वेगळी असेल. पण हुकलेल्या इंजेक्शनसाठी पुढच्या मेसेजची वाट बघू नका. उद्याच फोन करा. सकाळी ओपीडीच्या गर्दीत कुणी नीट बोलत नाही, दुपारी तीननंतर लावा. केसपेपर नंबर हाताशी ठेवा, आणि आधी त्यांच्याकडं कुठला मोबाईल नंबर आहे तो वाचून दाखवायला सांगा.