पीळ असताना मरोड कशाला?

सोलापूरहून विचारणा अशी आहे: इंजिनाच्या क्रँकशाफ्टला (पिस्टनच्या खालीवर होण्याने फिरणाऱ्या दांड्याला) जे टॉर्शनल व्हायब्रेशन, म्हणजे पिळण्या-उलगडण्याचं कंपन होतं, त्याला मराठीत 'मरोडी कंपन' म्हणायचं की 'परिपीडन कंपन'?

दोन्ही नको. मरोड हिंदी. आपल्याकडे मुरड आहे, पण ती करंजीला घालतात, आणि मुरडा पोटात येतो. शाफ्टला पडतो तो पीळ. सोलापूरकरांनी तरी हे विचारू नये. उजवा पीळ, डावा पीळ, कमी पिळाचं सूत ही मागावरची रोजची भाषा, आणि पॉवरलूमची फणी मागेपुढे करतो तोही क्रँकशाफ्टच.

सरसकट 'व्हायब्रेशन येतंय' म्हणणं तर डोक्यातच जातं. सीटखाली जाणवतो तो इंजिनाचा हादरा. पीळकंपन बहुधा बाहेर कळतसुद्धा नाही. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट, म्हणजे १८०० आरपीएमला सेकंदाला ६० धक्के. दर धक्क्याला शाफ्ट किंचित पिळतो आणि उलगडतो. फ्लायव्हीलकडचं, म्हणजे वजनदार चाकाकडचं टोक जड, ते फारसं दाद देत नाही. पुलीकडचं जास्त झुलतं. धक्क्यांची लय शाफ्टच्या अंगच्या लयीशी जुळली की पीळ वाढत जातो आणि एक दिवस शाफ्ट तुटतो, तडा साधारण ४५ अंशांत तिरका. म्हणून पुलीत हे कंपन शोषणारा रबरी कड्याचा डँपर बसवतात. रबर गेलं की तिथे साधी पुली ठोकणारे महाभागही आहेत.

आता खरी गंमत. संस्कृत 'पीड्' म्हणजे दाबणे, पालीत 'पीळेति', मराठीत पिळणे. म्हणजे पीळ आणि पीडा सख्खी भावंडं! 'परिपीडन' घडवणारे पंडित एवढा वळसा घालून त्याच धातूपाशी आले, फक्त दोन अक्षरांचं काम पाचात केलं.

हाच ड गुडाचा गूळ करतो, षोडशचं सोळा करतो. म्हणूनच 'सोळा गावांचं ते सोलापूर' ही व्युत्पत्ती मला मुळीच पटत नाही. तसं असतं तर सोळापूर झालं असतं. इथल्या माणसाच्या तोंडातला ळ पळवला कोणी? बाराव्या शतकात, सिद्धरामेश्वरांच्या काळी, गावाचं नाव सोन्नलगी. त्यात न आहे, ल आहे, आकडा कुठेच नाही. तरी माहितीपुस्तिकावाले सोळा गावं मोजतच बसलेत. मोजा म्हणावं, नावं तरी एकसारखी सांगता येतात का बघू.

हां, तुमचा प्रश्न. 'पीळकंपन' लिहा. जोडून.