कोल्ड्रिंकच्या कॅनचा स्पिरिट स्टोव्ह घरी बनवून ट्रेकला नेता येतो का?

येतो. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: कॅन कसा कापायचा, ठाण्यात त्यासाठी स्पिरिट कुठलं घ्यायचं, आणि गॅसच्या छोट्या सिलिंडरऐवजी हे परवडेल का. कॅन कापणं सगळ्यांत सोपं, म्हणून सगळे व्हिडिओ त्याच्यावरच अडकलेले असतात. गोम आहे ती स्पिरिटात आणि वाऱ्यात.

त्याआधी एक विचारून घेतो, जाणार कशाने? कसारा किंवा कर्जत लोकल पकडणार असाल तर हा बेत इथेच सोडा. रेल्वेत ज्वालाग्राही पदार्थ सोबत नेणं गुन्हा आहे, त्याला तुरुंगवासाचीही तरतूद आहे, आणि त्यात स्पिरिट, रॉकेल, गॅसचं सिलिंडर सगळंच आलं. ‘बाटली छोटीच आहे’ हे तिथे चालत नाही, आणि सकाळच्या गच्च भरलेल्या डब्यात ते चालूही नये. मी बाइकने निघतो तेव्हाच हा स्टोव्ह सॅकमध्ये असतो. लोकलने गेलो की पायथ्याच्या गावात चहा-पिठलंभाकरी सांगून ठेवतो.

आता कॅन. एकाच व्यासाचे दोन घ्या. जाडा ३३० मिलीचा आणि बिअरचा ५०० मिलीचा साधारण ६६ मिलिमीटरचे असतात, ते एकमेकांना चालतात. बारीक उंच कॅन यात मिसळू नका. आधी, कॅन अख्खा असतानाच, एकाच्या बुडाच्या कडेवर बोर्ड पिनने समान अंतरावर चोवीसेक भोकं पाडा. कापल्यावर पत्रा दबतो आणि भोकं वेडीवाकडी पडतात. मग त्याच बुडाचा मधला खोलगट भाग कटरने काढायचा. एका दमात कापायला जाऊ नका, त्याच रेषेवरून हलक्या हाताने फेऱ्या मारत राहा. बऱ्याच फेऱ्यांनंतर चकती टक् करून सुटते.

दोन्ही कॅनची बुडं सरळ कापायची युक्ती अशी: कटरचं पातं जाड पुस्तकाच्या पानांत असं अडकवा की टोक साडेतीन सेंटिमीटर उंचीवर बाहेर येईल. पुस्तक घट्ट धरा आणि कॅन पात्याला टेकवून फिरवा. हात स्थिर ठेवायची गरजच उरत नाही. कॅनचा पत्रा मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका जाड असतो, कापलेली कड ब्लेडसारखी लागते, तेव्हा लगेच पॉलिश पेपर फिरवा. भोकांचं बूड वर येतं आणि दुसरं त्याच्या आत जातं. जात नसेल तर भरलेला कॅन वरच्या बुडात दाबून गोल फिरवा, ते केसभर सैल होतं. कॅनच्या मधल्या भागातून एक पट्टी कापून तिचं कडं करा, खालच्या काठाला तीन खाचा पाडा आणि बुडं एकमेकांत दाबताना ते आत, दोन्ही बुडांच्या खोबणीत उभं बसवा. पट्टी थोडी रुंदच कापा आणि बसवून बघत कमी करा. सांध्यावर ॲल्युमिनियमची टेप फिरवली की झालं.

चालतो कसा, तर घरी पंपाचा स्टोव्ह पाहिला असेल त्याला सांगावं लागणार नाही. त्याला काकडा लावून बर्नर तापवायचे, मग रॉकेलची वाफ होऊन निळी ज्योत यायची. इथे काकडा वेगळा नसतो. मधल्या वाटीतलं स्पिरिट आधी साधंच जळतं, त्याने भिंत तापते, दोन भिंतींमधलं स्पिरिट ७८ अंशांच्या आसपास उकळतं आणि वाफ कडेच्या भोकांतून बाहेर पडून पेटते. या सगळ्याला अर्धा-एक मिनिट लागतं. कड्याने ज्योती फुलल्या की मगच पातेलं ठेवा. पातेलं थेट स्टोव्हवर टेकवू नका, वर दोनेक बोटं उंच हवं. त्यासाठी सायकलच्या जुन्या स्पोकचं तिकाटणं उत्तम. पहिल्यांदा नुसताच जाळा, स्वयंपाक नको. कॅनच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर आणि बाहेरचा रंग जळून वास सुटतो.

स्पिरिटचं मात्र नीट ऐका. हार्डवेअरच्या दुकानात ‘पॉलिशचं स्पिरिट’ म्हणून जे मिळतं त्यात मिथेनॉल असू शकतं. ते पोटात गेलं तर डोळे आणि जीव दोन्ही जातात. २०१५ साली मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं गेली ती याच मिथेनॉलने. वाफही फुप्फुसातून आणि त्वचेतून शरीरात जाते. लेबलवर घटक लिहिलेले नसतील ती बाटली घेऊ नका. मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट घ्या, पण लेबल वाचून: इथाइल अल्कोहोल जास्त असेल ते चांगलं. आयसोप्रोपाइल अल्कोहोलही पेटतं, पण पिवळ्या ज्योतीने, आणि पातेल्याला काजळी धरते. सॅनिटायझरवर वेळ घालवू नका. त्यात पाणी बरंच असतं, जेल असेल तर भोकं बुजतात. आणि नेताना बाटली पाण्याच्या बाटलीसारखी दिसता कामा नये. रात्री तहानलेला मित्र लेबल वाचत नाही.

अर्धा लिटर पाण्याला वारा नसताना २० ते २५ मिली पुरतं. कफ सिरपच्या बाटलीवरचं माप यासाठीच बनवल्यासारखं आहे. नाणेघाटात वाऱ्याला तोंड देऊन बसलात तर ५० मिलीही पुरणार नाही, म्हणून आडोसा हवाच. जाड फॉइलची पट्टी पातेल्याभोवती बोटभर जागा सोडून उभी करायची, खालून हवा जायला भोकं ठेवून. माझ्या मते स्टोव्हच्या डिझाइनपेक्षा या पट्टीने जास्त फरक पडतो, पण पट्टीचा व्हिडिओ कोण बघणार!

या ज्योतीची खोड अशी की उन्हात ती दिसत नाही. विझलाय समजून वरून स्पिरिट ओतलं की ज्योत धारेवरून बाटलीत चढते. भाजण्याचे सगळ्यांत वाईट प्रकार यातूनच होतात. पुन्हा भरायचा असेल तर थंड होऊ द्या, हात लावून बघा, मगच ओता. फुंकून विझवू नका, वर मोठा रिकामा डबा उपडा घाला. ओला पंचा जवळ असू द्या. तंबूच्या आत कधीच नाही, कारण आग तर आहेच, शिवाय कार्बन मोनॉक्साइड.

आणि येऊरला ट्रायल घ्यायची कल्पना डोक्यात असेल तर काढून टाका, ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. राखीव जंगलात विस्तव पेटवणं भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. फेब्रुवारीपासून सह्याद्रीतलं गवत इतकं वाळतं की कलंडलेल्या एका कॅनने वणवा लागेल. त्या महिन्यांत मी स्टोव्ह नेतच नाही, थर्मास भरून नेतो. एरवीही परवानगी असलेल्या जागी, उघड्या कातळावर किंवा गावातल्या अंगणात, यजमानांना विचारून.

गॅस की हे? इथेनॉलमध्ये वजनाला गॅसच्या जेमतेम ५५-६० टक्के उष्णता असते, पण स्टोव्हचं वजन पंधरा-वीस ग्रॅम. दोघं, एक मुक्काम, चहा-मॅगी एवढंच असेल तर कॅन जिंकतो. चौघांचा भात-आमटीचा बेत असेल, किंवा तीन-चार दिवसांची वाट असेल, तर गॅसच घ्या. यात आच कमी-जास्त करता येत नाही, आमटी करपणार.